भंगारात काढण्यापूर्वी: जुना संगणक आणि १९६२ची युक्ती

१/ घरातला संगणक मंदावला की भंगाराची भाषा सुरू होते. नवा घेणे मात्र प्रत्येक घराला परवडत नाही. या मंदपणाचे मूळ साठ वर्षांमागच्या एका युक्तीत सापडते. 🧵

२/ डिसेंबर १९६२. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेल्या ‘ॲटलस’चे उद्घाटन झाले. मुख्य स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची. फिरत्या चुंबकीय ड्रमांवर आणखी ९६ हजार. दोन्ही मिळून एकच विशाल स्मृती आहे, असे प्रोग्रामला भासवायचे आणि लागेल ते ‘पान’ ड्रमवरून आत आणायचे. हीच व्हर्च्युअल मेमरी.

३/ १९६८मध्ये पीटर डेनिंग यांनी तिची मर्यादा मांडली. लागणारी पाने स्मृतीत मावेनाशी झाली, की यंत्राचा सारा वेळ त्यांची ने-आण करण्यातच सरतो. हे ‘थ्रॅशिंग’.

४/ आज ड्रमच्या जागी हार्ड डिस्क आहे, व्याधी तीच. ब्राउझरमुळे रॅम भरते, डिस्क अखंड कुरकुरते आणि प्रोसेसर बिचारा वाट पाहत बसतो.

५/ म्हणून आधी टास्क मॅनेजर पाहावा. रॅम भरलेली आणि डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसली, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करावेत, रॅम वाढवावी, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. वयाच्या नावाखाली टाकून दिलेल्या कित्येक यंत्रांना केवळ जागा अपुरी पडत होती.