मोठ्या गाडीचा शिधा

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावर दिवसभर वाहनांची जी रीघ लागलेली असते, तिच्यातील किती जणांच्या मनात येत असेल की हा रस्ता थेट पुण्याचा आहे? पुणे, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा आणि शेवटी मच्छलीपट्टणचा समुद्र, असा हा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता. २०१० च्या फेररचनेनंतर तो ६५ झाला. या बाजूला येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना माहेर, तुळजापूर आणि पंढरपूर ही तिन्ही याच रस्त्याने गाठता येतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन घरची माणसे मोठी गाडी ठरवून पंढरपुरास जाऊन आलो. शय्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर अंगावर वागवणाऱ्या फिरत्या घरांचा हल्ली बोलबाला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. आमची गाडी इतकी ऐश्वर्यवान नव्हती. साधी लांब बसच ती. पण गाडी कोणतीही असो, तिलाही पोट असते आणि ते भरण्याचे एक शास्त्र असते.

पहिला प्रश्न जागेचा. दिलसुखनगरात रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे आहेत. लांब गाडीला येथे मनात येईल तेथे वळता येत नाही. म्हणून जाण्याच्या दिशेला, डाव्या हातास असलेला पंपच निवडावा. छताची उंची आणि टपावरील सामान यांचा मेळ आधी पाहावा, आणि आत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट हेरून ठेवावी. आमच्या चालकांनी पहाटे चारची वेळ धरली, ती याचसाठी. रांग नाही, रिक्षा नाहीत, मागून भोंगे नाहीत.

इंजिन बंद झाले. पंपावरचा मुलगा म्हणाला, ‘‘साब, जीरो देख लो.’’ आकडा शून्यावर आहे हे पाहणे हा ग्राहकाचा पहिला धर्म. मापाची शंका आली तर पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप असते. ते मागण्यात संकोच नसावा. नव्या मोठ्या गाड्यांना आणखी एक लहान, निळ्या झाकणाची टाकी असते. तीत युरियाचे पाणी घालतात. धुरातील विषारी वायू त्याने निवतात. एप्रिल २०२० पासून भारत-सहा हे प्रमाण देशभर लागू झाल्यावर हे पाणी पुष्कळ गाड्यांच्या शिध्यात आले. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर यात्रा तेथेच संपली म्हणून समजावे.

आता हिशेब. जाऊन-येऊन सुमारे पावणेआठशे किलोमीटर. गाडी लिटरला चार किलोमीटर धावते असे धरले, तर दोनशे लिटरांच्या आतबाहेर डिझेल लागते. जून २०१७ पासून दर रोज ठरतात, आणि राज्यागणिक कर निराळा. गेल्या काही वर्षांत तेलंगणापेक्षा कर्नाटकात डिझेल स्वस्त राहिले आहे. जहिराबाद ओलांडून हुमनाबादेकडे वळले की ट्रकवाले टाकी का भरतात, ते यावरून कळावे. लिटरमागे चार रुपये वाचले तरी दीडशे लिटरांना सहाशे रुपये होतात. म्हणून आम्ही दिलसुखनगरात सीमा ओलांडण्यापुरतेच, थोडे हात राखून, डिझेल घेतले.

परंतु सहाशे रुपयांहून मोठी गोष्ट निराळीच आहे. आमच्यातील वडीलधाऱ्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. वाटेत सोय असेल की नाही, ही धास्ती. आत्याबाईंना तर गेल्या खेपेस याच कारणाने उमरग्याजवळ भोवळ आली होती. वास्तविक, पिण्याचे पाणी, चाकांतील हवा आणि स्वच्छतागृह या सोयी पंपावर विनामूल्य देणे बंधनकारक आहे. एका पंपावर त्या दाराला कुलूप होते. आमच्या सूनबाईंनी तक्रारपुस्तक मागितले मात्र, किल्ली तत्काळ आली! पुढे प्रत्येक थांबा आम्ही डिझेलकडे पाहून नव्हे, तर त्या दाराकडे पाहून ठरविला. आत्याबाई नळदुर्गपर्यंत निःशंक पाणी पीत आल्या आणि चंद्रभागेच्या वाळवंटात स्वतःच्या पायांनी चालल्या.

वाचकांपैकी कोणी मोठी गाडी घेऊन निघणार असतील, त्यांनी टाकीचा हिशेब जरूर करावा. पण त्याच कागदावर थांब्यांचाही करावा. दर शंभर किलोमीटरांवर एक चांगला पंप हेरून ठेवावा, आणि घरातील वृद्धांना निघण्यापूर्वीच सांगावे, ‘‘पाणी प्या, सोय आहे.’’ त्या एका वाक्याने त्यांचा अर्धा प्रवास सुखाचा होतो.