क्रांतीचा अभ्यास : तारखेच्या पुढे

क्रांती हा शब्द आम्हां वसतिगृहातील मुलांना प्रथम भेटला तो इतिहासाच्या पुस्तकात, तारखेच्या रूपाने. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने बॅस्तीयचा तुरुंग घेतला, एवढे लिहिले की गुण मिळत. त्या दिवशी तुरुंगात अवघे ७ कैदी होते, हे पुढे वाचनात आले आणि कुतूहल चाळवले. लोक तेथे मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी गेले होते. पाव महागला होता, राजाची तिजोरी कर्जाने पोखरली होती आणि करांचा मुख्य भार सरदार व धर्मगुरू यांना वगळून इतरांच्या माथी होता. भूक तर पूर्वीही होती. परंतु ही व्यवस्था ईश्वरदत्त नसून माणसांनी केलेली आहे, हा विचार आता तिच्या जोडीला आला होता. क्रांतीचे कारण शोधताना ही सारी सूत्रे एकत्र पाहावी लागतात, हे आम्हांला तेव्हा उमगले.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मात्र सँ-दोमँग या त्याच्या वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम मळ्यांतून राबतच राहिले. १७९१ मध्ये ते स्वतःच उठले. १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींत ती पुन्हा कायदेशीर केली. पूर्वी गुलाम असलेले सेनानी तुसाँ लुव्हर्त्यूर फ्रान्सच्या कैदेत मरण पावले, तरी त्यांचे लोक हटले नाहीत. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पुढे १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, तेही जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईसाठी!

मिळालेला हक्क परत हिरावला जाऊ शकतो, हे या इतिहासाने आम्हांला शिकविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी क्रांतीबरोबर प्रतिक्रांतीचाही अभ्यास का केला, हेही त्यातून कळले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले गेले. त्या पाण्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ मध्ये. मधली दहा वर्षे कागदपत्रे, साक्षीपुरावे आणि तारखांची होती. त्या वर्षांचे चित्र कोणी भिंतीवर लावीत नाही. क्रांती टिकली ती मात्र त्यांच्यामुळे.

आमच्यापैकी अनेकांच्या घरात पहिले पुस्तक याच वसतिगृहातून गेले. म्हणून आज येथे शिकणाऱ्या भावंडांना आमचे सांगणे एवढेच : क्रांतीचा धडा वाचताना काय उलथले, कोणी उलथले, कोण बाहेर राहिले आणि नंतर काय गुपचूप परत आले, हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. पालकांनीही मुलांना ते विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. ते वर्तमानपत्रात आणि आपल्या गावात शोधावे लागेल.