सवलत माझी, तडजोड तिची

बँकेत पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर चहाचे पातेले घ्यायचे झाले तरी मी ते प्रकरण समजूनच हाताळतो, अशी घरात माझी थट्टा होते. परंतु गेल्या श्रावणात आमच्या उत्रोलीच्या घरी आलेल्या एका लहानशा वाद्याने मला जो हिशेब शिकवला, तो बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात मी वाचला नव्हता. वाद्य होते युकुलेले. छापील किंमत चार हजार, सूट पस्तीस टक्के, म्हणजे हाती पडली किंमत दोन हजार सहाशे. ते ठेवावे की सात दिवसांच्या मुदतीत परत करावे, एवढाच प्रश्न होता. पण त्याने आम्हां दोघांचे सहा दिवस घेतले.

माझ्या पत्नीला गाण्याची आवड आहे. भोरच्या महिला मंडळात ती स्तवने म्हणते. साथीला घरात माझ्या आईच्या वेळची पेटी होती. दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, मांडी घालून बसणे बंद झाले आणि पेटीवर जे कापड पडले ते पडलेच. पुढे पुण्यात मुलाकडे गेलो असता शेजारच्या मुलीचे युकुलेले तिच्या हाती आले. खुर्चीत बसून, छातीशी धरून वाजवायचे, वजन जेमतेम अर्धा किलो. त्या मुलीने तिला एका बोटाने वाजणारा स्वरमेळ दाखवला. अर्ध्या तासाने वाद्य परत देताना पत्नी म्हणाली, “असे एक मला हवे.” लग्नाला अडतीस वर्षे झाली. स्वतःसाठी तिने नाव घेऊन मागितलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

या वाद्याचा जन्म फार जुना नाही. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवेन्सक्रेग’ नावाचे जहाज मदेरा बेटावरील पोर्तुगीज मजुरांना घेऊन हवाई बेटांतील होनोलुलू बंदराला लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांत कामाला आलेली. परंतु त्यांच्यात लाकूडकाम जाणणारे काही कारागीर होते आणि त्यांच्या देशाकडचे एक लहान चारतारी वाद्यही सोबत आले होते. त्यातूनच युकुलेले घडले. हवाईचा राजा कलाकाऊआ याने त्याला दरबारात स्थान दिले. त्याचे आज मुख्यतः चार आकार मिळतात. सर्वांत लहान तो सोप्रानो, त्याहून किंचित मोठा कॉन्सर्ट, मग टेनर आणि बॅरिटोन. शेजारच्या मुलीचे वाद्य कॉन्सर्ट आकाराचे होते. पुण्याच्या दुकानात तसेच वाद्य पाच हजार दोनशे रुपयांना होते. मी भाव विचारून घेतला, “पाहू” म्हणालो आणि घरी परतलो.

घरी येऊन मी मोबाइल उघडला. तेथे सोप्रानो दोन हजार सहाशेला दिसले. लाकूड तेच, तारा चारच, रूपही तेच. चार बोटे कमी लांबीसाठी दुप्पट पैसे का मोजावेत? शिवाय सवलत त्याच रात्री संपणार होती. मी पत्नीला न विचारता मागणी नोंदवली. वाटले, तिला सुखद धक्का देऊ.

२०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी या मोहाची नीट फोड केली आहे. खरेदीतून माणसाला दोन प्रकारचे समाधान मिळते, असे ते मांडतात. एक वस्तूच्या उपयोगाचे, आणि दुसरे केवळ सौदा स्वस्तात पटल्याचे. दुसरे समाधान पहिल्याची जागा घेऊ लागले, की नको ती वस्तू घरात येते. आपल्या समाजातील वाचकांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सेलचा फलक लावल्यावर दुकानात काय घडते ते गल्ल्यावर बसणारा रोज पाहतो. माझ्या वडिलांचे भोरच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान होते. डागी कापड विकताना ते आधी डाग दाखवीत आणि मगच भाव सांगत. माझ्या व्यवहारात तर विक्रेत्यानेही काही लपवले नव्हते. आकार, लांबी, सारे वर्णनात लिहिलेले होते. डाग न दाखवणारा कोणी असेल तर तो मीच होतो.

खोके आले. पत्नीने ते उघडले, वाद्य हाती घेतले आणि क्षणभर थांबून म्हणाली, “छान आहे. त्या मुलीचे जरा मोठे होते, नाही का?” मी म्हणालो, “थोडेसेच.”

पुढील दोन दिवस मी वाद्याची तपासणी केली. तीन उणिवा सापडल्या. पहिली म्हणजे सूर लावावा आणि दहा मिनिटांत तो उतरावा. चौकशीअंती कळले, की हा दोष नव्हेच. नायलॉनची नवी तार काही दिवस ताणली जाते. रोज खुंट्या पिळत राहिले की ती स्थिरावते. दुसरी उणीव अशी, की मोकळी तार सुरात असे, पण पहिल्या पडद्यावर बोट ठेवताच सूर चढे. ज्या पट्टीच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, ती पट्टी उंच राहिली की तार दाबताना अधिक ताणली जाते. जाणकार कारागीर बारीक कानशीने खाचा किंचित खोल करतो आणि काम भागते. तिसरी उणीव आकाराची. पहिल्या आणि दुसऱ्या पडद्यांमधील अंतर या वाद्यात कॉन्सर्टपेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी होते.

मी बँकेच्या सवयीने वर्गवारी केली. काही खाती नुसती नवी असतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. काही खात्यांत हप्ता रखडतो, पण लक्ष घातले की ती सुधारतात. आणि काही खाती नव्वद दिवस उलटले की अनुत्पादक ठरतात; तेथे आशा हा हिशेब नव्हे. पहिली उणीव पहिल्या वर्गातली, दुसरी दुसऱ्या. तिसरीलाही मी दुसऱ्याच वर्गात टाकले; सरावाने बोटे बसतील, असा शेरा मारला. कर्ज मंजूर करायचे मनात एकदा ठरले की अधिकाऱ्याला अनुकूल शेरे कसे सुचतात, हे मला इतरांच्या फायलींतून चांगले ठाऊक होते. शिवाय हे वाद्य थरांच्या लाकडाचे होते. भोरच्या पावसात अखंड फळीचे लाकूड फुगते, थरांचे त्या मानाने स्थिर राहते; तेही कारण मी जमेच्या बाजूस धरले.

पत्नी मात्र वाजवत होती. एका बोटाचा स्वरमेळ पहिल्याच दिवशी जमला, दोन बोटांचा दुसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी तिच्या आवडत्या चालीसाठी ‘डी’ हा स्वरमेळ लागला. त्यात एकाच पडद्याच्या घरात तीन तारांवर तीन बोटे शेजारी-शेजारी बसवावी लागतात. चाळीस वर्षे कणीक तिंबलेली, पेरांशी जाड झालेली ती बोटे त्या घरात मावेनात. एक बसले की दुसरे सरके आणि मधली तार मुकी होई. तिने तक्रार केली नाही. बोटांकडे पाहून म्हणाली, “माझीच बोटे जाड आहेत.”

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. तरीही माझा युक्तिवाद संपला नव्हता. संध्याकाळी मी तिला पेटीची गोष्ट सांगितली. पेटी हे तरी आपल्या संगीताला कोठे परिपूर्ण वाद्य होते? युरोपातून आलेले, स्वर जागच्या जागी बांधलेले; तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतींची सूक्ष्म छटा दाखवता येत नाही. या कारणावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही महाराष्ट्राने तिला सोडले नाही. संगीत रंगभूमी, कीर्तन, भजन, सगळीकडे ती राहिली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्या उण्या वाद्यातून गायकी बोलती केली. “म्हणजे,” मी समारोप केला, “वाद्य आपण आपलेसे करायचे असते.”

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “अहो, गोविंदरावांनी पेटी स्वतः निवडली होती ना? तिच्यात काय नाही ते ठाऊक असून निवडली. हे मी कोठे निवडले? तुमच्या बदल्या झाल्या तेव्हा मिळेल त्या घरात राहिले, त्याचे मला काही वाटले नाही. ती नोकरीची गरज होती. ही गरज नाही, हौस आहे. हौसेतही जुळवूनच घ्यायचे असेल तर ती नसलेली बरी.”

आवाज चढलेला नव्हता. मला उत्तर सुचले नाही. सवलत घेतली होती मी, तिचा आनंदही मलाच झाला होता. त्या सवलतीपोटी जी तडजोड करावी लागत होती, ती मात्र तिच्या बोटांच्या नावे लिहिली गेली होती. लाभ एका खात्यात आणि नावे दुसऱ्या खात्यात, अशी नोंद एखाद्या शाखेत मला आढळली असती तर मी तपासणी अहवालात लाल शाईने लिहिले असते.

सहाव्या दिवशी परतीचा अर्ज भरायला बसलो. तेथे कारण निवडायचे होते. ‘सदोष वस्तू’ असे कारण दिले तर पूर्ण रक्कम परत. ‘आकार मनाजोगता नाही’ असे दिले तर पाठवणीचे दोनशे वीस रुपये कापले जाणार. पहिल्या पडद्यावर सूर चढत होता हे खरेच होते. ‘सदोष’ लिहिले असते तर तो शब्द खोटा ठरला नसता. क्षणभर बोट तेथे रेंगाळले. परंतु त्या दोषासाठी आम्ही वाद्य परत करत नव्हतो. तो तर कानशीच्या चार घासांचे काम होते. आकार वर्णनात स्पष्ट लिहिला होता आणि तो वाचूनच मी मागणी केली होती. वडील दुकानात आधी डाग दाखवीत. आता गिऱ्हाईक म्हणून आपला डाग दाखवण्याची पाळी माझी होती. मी आकाराचे कारण निवडले. दोनशे वीस रुपये ही न विचारता केलेल्या खरेदीची रास्त फी होती.

पुढील आठवड्यात आम्ही दोघे पुण्याला त्या दुकानात गेलो. या वेळी मी बाकावर बसलो आणि पत्नीने तीन कॉन्सर्ट वाद्ये वाजवून पाहिली. तिला जे आवडले त्यावर ‘डी’ची तिन्ही बोटे बसली. पण तिने सहज विचारले, “ही पांढरी पट्टी कशाची?” दुकानदाराने सरळ सांगितले, की चांगल्या प्रतीच्या वाद्यांत घोडीवरची पट्टी बहुधा हाडाची असते आणि ही तशीच आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मी उगाच सावध झालो आणि तारांचेही विचारले. तो म्हणाला, की पूर्वी या वाद्याला जनावरांच्या आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन रूढ झाले, तारांची चिंता नको. पट्ट्याही कृत्रिम पदार्थाच्या मिळतात, अर्ध्या तासात बदलून देतो. नादात थोडा फरक पडेल, हेही त्याने सांगून टाकले.

म्हणजे पाच हजार दोनशे रुपयांचे वाद्यही आमच्या घरासाठी निर्दोष नव्हतेच. मी पत्नीकडे पाहिले; या वेळी शेरा माझा नव्हता. तिने बदललेल्या पट्ट्यांवर वाद्य पुन्हा वाजवून ऐकले आणि म्हणाली, “थोडे मऊ वाजते आता. चालेल मला.”

घरी परतताना कापूरहोळ सोडून गाडी भोरच्या रस्त्याला लागली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. तिने वाद्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. ‘चालेल’ हा शब्द मी तिच्या तोंडून आयुष्यभर ऐकला आहे. नव्या गावच्या घराला, मुलाच्या शाळेला, माझ्या उशिरा येण्याला. त्यापुढचे ‘मला’ मात्र मी त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन ऐकले.

आता रोज सायंकाळी, दिवेलागणीच्या आत जेवण आटोपले की ती ओसरीवर खुर्ची घेते. तारा अजून नव्या आहेत, सूर उतरतो. मी मोबाइलवर सूर मोजणारे यंत्र उघडून शेजारी बसतो आणि “किंचित वर घे” म्हणतो. ती खुंटी पिळते. ‘डी’ अजून दहांतून सहा वेळा जमतो.