वाटा

‘वाटा’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळलेला आहे की, त्याचा अर्थ कोणी विचारला तर हसूच यावे. परवा माझ्या नातवाने तो विचारला. ‘आपल्याला मिळतो तो भाग’ असे सांगावे, तर ‘खारीचा वाटा’ आडवा येतो. तो काही खारीला मिळालेला भाग नव्हे. सेतू बांधताना तिने आपल्या परीने केलेले साहाय्य होय.

सिंहाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. इसापाच्या कथेतील सिंहाने शिकारीच्या सोबत्यांस काही न देता सारे स्वतःच घशात घातले, आणि इंग्रजी भाषेत सिंहाचा वाटा आजही बहुधा घेण्याचा असतो. मराठीत मात्र आपण म्हणतो, ‘अमक्याने या कार्यात सिंहाचा वाटा उचलला.’ बिचारा सिंह आपल्याकडे येऊन ओझी वाहू लागला! मिळतो तोही वाटा आणि उचलतो तोही वाटा, असा हा दुहेरी शब्द आहे.

वाटणी ही मात्र निराळी. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. पण कुटुंब एकत्र आहे तोवर कोणाचा वाटा किती, हे ठरलेले नसते. घरात पाळणा हलला की तो घटतो, कोणी निवर्तले की पूर्वी तो वाढत असे. तो मोजून वेगळा काढला, म्हणजे वाटणी झाली. हा जन्मसिद्ध हक्क मुलींना महाराष्ट्रात काही मर्यादांसह 1994 साली आणि केंद्रीय कायद्याने 2005 साली मिळाला.

आमच्या घरच्या वाटण्या 1951 सालच्या. ते वाटणीपत्र माझ्यापाशी आहे. शेताचे तुकडे, परसातले फणस, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, सारे त्यात नोंदलेले आहे, देव थोरल्याकडे. माझ्या आजोबांची बहीण बालपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. पहाटेचे दळण, भावजयांची बाळंतपणे, आल्यागेल्याची पाने, हा तिने तीस वर्षे उचललेला वाटा मोजण्याचे कोणाच्या मनात आले नसावे. वाटणीपत्रात तिचा उल्लेख एकदाच येतो. पाटा-वरवंट्याच्या खाली, शेवटच्या कलमात लिहिले आहे की, तिने तिघा भावांकडे चार-चार महिने राहावे.