चतुःसीमा

चेन्नईत येऊन चार वर्षं होत आली तरी दोघांचं भाड्याचं घर संपत नव्हतं. 2009 साली त्याची पुण्याहून बदली झाली, आणि तेव्हापासूनचं हे तिसरं बिऱ्हाड. दर वेळी दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजायचं आणि घर सोडताना रंगरंगोटीच्या नावाखाली त्यातलं किती परत येतं, याची वाट पाहायची. भाजीवाली, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या बाई, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सोंद वीडा?" म्हणजे घर स्वतःचं का? "नाही, वाडगै," असं सांगताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

2013 साली मुलगा वर्षाचा झाला आणि साताऱ्याहून सासूबाई कायमच्या राहायला आल्या, तेव्हा मात्र त्यांनी मनावर घेतलं. प्रत्येक रविवार घरं बघण्यात जाऊ लागला. पुण्यातल्या सवयीने ती विचारायची, "कार्पेट किती? सोसायटी कधी होणार?" समोरचा माणूस गोंधळून बघायचा. तो सांगायचा ते वेगळंच असायचं, यूडीएस, म्हणजे जमिनीतला अविभक्त हिस्सा. चेन्नईची त्या काळची रीत अशी, की खरेदीखत व्हायचं ते इमारतीखालच्या जमिनीतल्या तुमच्या वाट्याचं. वरच्या भिंतींसाठी बिल्डरशी बांधकामाचा वेगळा करार. आपल्याकडे जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात, इथे पहिल्याच दिवशी जमिनीचा तुकडा तुमच्या नावावर. तो तुकडा नक्की कुठे, हे मात्र कोणी दाखवू शकत नाही. सासूबाईंना हे ऐकून हसू आलं होतं. "म्हणजे तुळशीवृंदावन बांधायचं तर सगळ्यांना विचारायचं!"

वेळचेरीतला तळमजल्यावरचा फ्लॅट पसंत पडला तो सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. वकिलाने बोजा आहे का नाही याचा दाखला काढला, जुन्या मालकांपासूनचे कागद तपासले. मूळ खताला तिथे 'ताय पत्रम्' म्हणतात, म्हणजे आईचा कागद. ते जुनं, हाताने लिहिलेलं तमिळ खत होतं. त्याची छायाप्रत दोघांनी नुसती उलटसुलट करून पाहिली. वकील म्हणाला, "टायटल क्लिअर आहे सार, काळजी नको." घाई होती. सही झाली, अंगठ्यांचे ठसे झाले, आणि सगळी फाईल तारण म्हणून बँकेत गेली.

मुहूर्तावरून थोडं वाजलं. सासूबाईंचं पंचांग एक सांगत होतं आणि वरच्या मामींचं दुसरं. (मामी हे तिथलं हाक मारायचं नाव. सासूबाई पहिले दोन महिने विचारत होत्या, "पण मामी कोणाची?") शेवटी 2014 च्या संक्रांतीनंतरचा, तिथल्या तै महिन्यातला दिवस दोघींना मान्य झाला. नव्या शेगडीवर दूध उतू घालण्याचा विधी तर दोन्हीकडे सारखाच निघाला. मामींनी उंबऱ्यासमोर कोलम काढला, सासूबाईंनी त्याच्या कडेला लक्ष्मीची पावलं. त्या आठवड्यात इस्त्रीवाल्याने विचारलं तेव्हा ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "सोंद वीडु!"

पुढचे दोन पावसाळे मजेत गेले असं म्हणायला हरकत नव्हती. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबरपासून, आपली दिवाळी झोडपणारा. 2015 चा नोव्हेंबर मात्र थांबायलाच तयार नव्हता. 1 डिसेंबरच्या संध्याकाळी पाणी रस्त्यावरून आत यायच्या आधी न्हाणीघराच्या मोरीतून वर आलं. आधी तिला वाटलं, नळ उघडा राहिला. अर्ध्या तासात ते घोट्याला लागलं. त्याने सासूबाईंना धरून जिन्याने वर नेलं, तिने मुलाला आणि पाठोपाठ गॅसचा सिलिंडर. मामींनी दार आधीच उघडं ठेवलं होतं. दिवे गेले, फोन बंद पडले. तांबरमला त्या चोवीस तासांत 49 सेंटीमीटर पाऊस पडला, विमानतळ बंद झाला, कामगार छापखान्यात पोचू न शकल्याने 'द हिंदू'सुद्धा निघाला नाही, हे सगळं त्यांना नंतर कळलं. त्या वेळी ते मेणबत्तीच्या उजेडात पायऱ्या मोजत होते. पाचवी बुडाली. सहावी बुडाली.

चौथ्या दिवशी दार ढकललं तेव्हा फ्रीज स्वयंपाकघरात आडवा पडलेला होता. गाद्या, पुस्तकं, लग्नाचा अल्बम, सगळ्याचा एकच चिखल. ओट्याच्या वर हातभर उंचीला भिंतीवर तपकिरी रेघ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तांब्याचा हंडा शोधून काढला आणि घासायला घेतला. त्याला एकदम खरेदीखत आठवलं आणि पोटात गोळा आला, आणि मग तो हसतच सुटला. खत बँकेच्या तिजोरीत कोरडं होतं! कर्ज होतं म्हणून घराचा कागद वाचला.

घर विकायचं त्याने मनात पक्कं केलं. दलाल म्हणाला, "आत्ता नको सार. दोन उन्हाळे जाऊ द्या, लोक विसरतात." त्या दोन उन्हाळ्यांत हप्ते थांबले नाहीत, नव्या गाद्या आल्या, मुलगा शाळेत तमिळ अक्षरं गिरवू लागला. विकण्याचा विषय तिनेही काढला नाही. दलालाचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. लोक विसरतात म्हणून ते घर कोणाला विकायचं?

आणि 2019 मध्ये उलटंच झालं. शहराचे चारही मोठे तलाव आटले, इमारतीची बोअर खरवडू लागली. टँकर येईल तेव्हा, रात्री दोनला सुद्धा, उठायचं. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लातूरला मिरजेहून आलं होतं तसंच." इमारतीच्या बैठकीत सगळे टँकरवाल्यावर चिडले होते. तिने मोडक्या तमिळमध्ये एवढंच विचारलं, की आपला पावसाच्या पाण्याचा खड्डा कुठे आहे? 2003 पासून तमिळनाडूत तो प्रत्येक इमारतीला सक्तीचा. नकाशात होता. जागेवर मात्र फरशी होती. ती उचलल्यावर खाली बिल्डरचा राडारोडा निघाला, दोन गाड्या भरून. त्या बैठकीनंतर ती सेक्रेटरी झाली, ते काम अजून तिच्याच गळ्यात आहे.

2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने वेळचेरी परत बुडवली. या वेळी पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. फ्रीज आता दगडी चौथऱ्यावर असतो, आणि पाऊस लागला की मोरीच्या तोंडावर वाळूची पोती. वरचे मामा-मामी तेव्हा मुलाकडे गेले होते, त्यांची किल्ली हिच्याकडे होती.

2024 साली कर्ज फिटलं आणि फाईल घरी आली. ती कुठे ठेवायची यावर जेवताना बराच वेळ चर्चा झाली. कपाट नको, पलंगाखाली तर नकोच. सासूबाईंनी माळा सुचवला. तेवढ्यात बारा वर्षांच्या मुलाने त्यातली जुनी छायाप्रत ओढून घेतली आणि अक्षर लावत वाचू लागला. जमिनीच्या चतुःसीमा होत्या. उत्तरेला कोणाचं तरी शेत, दक्षिणेला वाट, पश्चिमेला कालवा.

"आणि पूर्वेला?" तिने विचारलं.

त्याने बोट ठेवून शब्द लावला. "किळक्कु... एरी." मग आजीला कळावं म्हणून मराठीत सांगितलं, "तलाव, आजी. पूर्वेला तलाव आहे."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. पूर्वेला समोरच्या इमारतीचं पार्किंग होतं.