घेट्टोतील ३३ फ्रेम

१/
एप्रिल १९४३. जर्मनव्याप्त वॉर्सा. शहराच्या एका भागावर अहोरात्र धूर साचलेला आहे आणि अग्निशमन दलाचे बंब त्या दिशेने निघाले आहेत. त्यांना मिळालेला हुकूम मात्र विचित्र आहे: भिंतीच्या आतली घरे जळू द्यायची, भिंतीबाहेरच्या घरांना झळ पोहोचू द्यायची नाही. या जवानांमध्ये २३ वर्षांचा एक पोलिश तरुण आहे, झ्बिग्न्येव लेशेक ग्झिवाचेव्स्की. त्याच्याजवळ एक कॅमेरा आहे. छायाचित्रण हा त्याचा व्यवसाय नव्हे, आणि तिथे छायाचित्र काढण्याची त्याला परवानगीही नाही.

२/
ही भिंत म्हणजे वॉर्सा घेट्टोची भिंत. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी शहरातील ज्यूंना जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरांच्या वस्तीत कोंडून तिचे दरवाजे बंद केले. चार लाखांहून अधिक माणसे आत होती. उपासमारीने आणि टायफसने हजारो दगावले. १९४२ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात अडीच लाखांहून अधिक जणांना आगगाडीत भरून ट्रेब्लिंका येथे नेण्यात आले आणि विषारी वायूने मारण्यात आले.

३/
उरलेल्यांना काय वाट्याला येणार, हे आता ठाऊक झाले होते. म्हणूनच १९ एप्रिल १९४३ रोजी, पासोव्हर सणाच्या पूर्वसंध्येला, जर्मन तुकड्या घेट्टोत शिरल्या तेव्हा त्यांच्यावर गोळ्या आणि घरगुती बाँब यांचा मारा झाला. पिस्तुले मोजकी, दारूगोळा अपुरा. तरीही पहिल्या दिवशी जर्मनांना माघार घ्यावी लागली. मग एस.एस.चा अधिकारी युर्गेन श्ट्रोप याने दुसरा मार्ग धरला. एकेक इमारत पेटवून द्यायची आणि तळघरांत लपलेली माणसे धुराने व आगीने बाहेर काढायची.

४/
या संहाराची छायाचित्रे जगाने पाहिली आहेत. टोपी घातलेला, दोन्ही हात वर केलेला लहान मुलगा आणि त्याच्यामागे बंदूक रोखून उभा असलेला सैनिक हे चित्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. पण ते आले कुठून? श्ट्रोपने आपल्या वरिष्ठांसाठी चामडी बांधणीचा एक अहवाल तयार करवला होता. ‘वॉर्सात आता ज्यू वस्ती उरलेली नाही’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते आणि त्यात सुबक अक्षरांत ओळी लिहिलेली छायाचित्रे चिकटवली होती. हात वर केलेला तो मुलगा त्याच अहवालातला आहे.

५/
पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात हाच अहवाल पुरावा ठरला आणि १९५२ मध्ये श्ट्रोपला वॉर्सात फाशी देण्यात आली. तरी एक अवघड गोष्ट शिल्लक राहिली. घेट्टोचा शेवट जगाने मारेकऱ्यांच्याच कॅमेऱ्यातून पाहिला. त्या छायाचित्रांत कॅमेरा निर्धास्त आहे. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, हवे तितके जवळ जातो, हवा तितका वेळ घेतो. कारण रस्ता त्याच्याच लोकांच्या ताब्यात आहे.

६/
हौशी छायाचित्रकार जर्मनांमध्येही होते. हाइन्झ य्योस्ट हा मूळचा हॉटेलचालक, युद्धकाळात सैन्यातला सार्जंट. १९ सप्टेंबर १९४१ हा त्याचा वाढदिवस. त्या दिवशी तो कॅमेरा घेऊन घेट्टोत फिरला आणि शंभराहून अधिक छायाचित्रे काढून परतला: पदपथावर निजलेली मुले, हातगाडीवरून नेली जाणारी प्रेते. ती त्याने सुमारे चाळीस वर्षे जवळजवळ कुणालाच दाखवली नाहीत. अंगावरच्या गणवेशामुळे त्याला कुणी हटकले नाही. त्याच्या छायाचित्रांतील कित्येक माणसे थेट कॅमेऱ्याकडे पाहतात. गणवेशातल्या माणसाकडे दुर्लक्ष करण्याची सोय त्यांना नव्हती.

७/
लेशेकची छायाचित्रे पाहताना पहिल्यांदा जाणवतात ते दोष. कुठे खिडकीची चौकट मध्ये आली आहे, कुठे कसल्याशा आडोशाने दृश्याचा तुकडा झाकला आहे, कुठे चित्र अस्पष्ट आहे. छायाचित्रणाच्या वर्गात हे नमुने चुका म्हणून दाखवले जातील. इथे मात्र त्या अडथळ्यांवरूनच कॅमेरा कुठे होता ते कळते. ती चौकट, तो आडोसा ही छायाचित्रकाराची लपण्याची जागा आहे. श्ट्रोपच्या छायाचित्रांतील स्वच्छ दृश्य सत्तेने मिळवून दिलेले होते. लेशेकच्या छायाचित्रांतील धूसरपणा भीतीची किंमत मोजून आलेला आहे.

८/
या फ्रेमांमध्ये घेट्टोवर उठलेला धूर आहे, ओस रस्ते आहेत, जळून पोकळ झालेल्या इमारती आहेत. छतावर उभे असलेले अग्निशमन दलाचे जवान आहेत. रस्त्यातच जेवण उरकणारे जवानही आहेत. आणि काही फ्रेमांत माणसांची रांग आहे. तिला उमश्लागप्लाट्झकडे, म्हणजे जिथून छळछावण्यांच्या गाड्या सुटत त्या फलाटाकडे, नेले जात आहे. शेजारी हेल्मेटधारी पहारेकरी. या रांगेतली माणसे कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. कुणी आपल्याला टिपत आहे याची त्यांना कल्पना नसावी.

९/
लेशेक जवळजवळ चार आठवडे घेट्टोत कामावर होता. तळघरांतून ओढून काढलेल्या त्या माणसांचे दृश्य आयुष्यभर आपली पाठ सोडणार नाही, अशा आशयाची नोंद त्याने रोजनिशीत केली. भुकेने झोकांड्या खाणारी शरीरे, भान हरपलेल्या नजरा, प्रेतांवर अडखळून पडणारे जिवंत. पाण्याचा पाइप हाती असलेल्या माणसाची ही साक्ष आहे. विझवण्याचे साधन जवळ होते, विझवण्याची मुभा नव्हती. त्याला करता येण्याजोगी एकच गोष्ट हुकमाच्या बाहेर होती, आणि ती त्याने केली.

१०/
भिंतीबाहेर शहराचे जीवन चालूच होते. घेट्टोला लागून असलेल्या क्राशिन्स्की चौकात त्याच वसंतात जत्रेचे पाळणे उभे होते आणि २५ एप्रिलला ईस्टरचा रविवार आला. एकाच शहरात, भिंतीच्या दोन बाजूंना, हे दोन्ही घडत होते. लेशेक रोज त्या सीमेवरून ये-जा करत होता. त्याच्या रोलवर एकूण ४८ फ्रेम आहेत. त्यांपैकी ३३ घेट्टोतील कामगिरीच्या. बाकीच्या तिच्याशी संबंध नसलेल्या. हौशी माणसाच्या रोलवर इतिहासासाठी वेगळी जागा राखलेली नसते. आधी जे घडले ते आधी, नंतरचे नंतर, इतकाच त्याचा क्रम.

११/
लेशेक १९९३ मध्ये वारला. त्याच्या काही छायाचित्रांच्या मोजक्या प्रती वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयात होत्या, पण मूळ निगेटिव्हचा पत्ता नव्हता. वॉर्सातील पोलिन संग्रहालय उठावाच्या ८० व्या स्मृतिवर्षासाठी प्रदर्शनाची तयारी करत होते. त्या सुमारास लेशेकच्या मुलाने वडिलांच्या जुन्या संग्रहात शोध घेतला आणि रोल सापडला. जानेवारी २०२३ मध्ये संग्रहालयाने ही बातमी जाहीर केली.

१२/
प्रती असताना निगेटिव्हचे एवढे महत्त्व का? प्रत कापता येते, तिच्या कडा छाटता येतात, सुट्या प्रतींचा क्रमही हरवतो. निगेटिव्हच्या पट्टीवर मात्र कोणत्या फ्रेमनंतर कोणती, हे कायम राहते. छायाचित्रकार कुठून कुठे सरकला, एकाच खिडकीतून किती वेळा कॅमेरा उचलला, याचा माग त्यावरून काढता येतो. उमश्लागप्लाट्झकडे जाणाऱ्या माणसांचे दृश्य एकाहून अधिक फ्रेमांत येते. एकदा टिपून त्याचे समाधान झाले नाही. धोका पत्करून त्याने पुन्हा कॅमेरा उचलला.

१३/
उठावादरम्यान घेट्टोच्या आत काढलेली आणि जर्मनांनी न काढलेली एवढीच छायाचित्रे आज ज्ञात आहेत. ती एप्रिल २०२३ मध्ये ‘आमच्याभोवती आगीचा समुद्र’ या प्रदर्शनात मांडली गेली. श्ट्रोपने आपल्या अहवालात पकडलेल्या व मारलेल्या ज्यूंचा आकडा ५६,०६५ असा अगदी शेवटच्या एककापर्यंत दिला आहे. लेशेकच्या ३३ फ्रेमांनी तो आकडा बदलत नाही, रांगेतल्या कुणाचे नावही समजत नाही. पण त्या रस्त्यावरून नेल्या गेलेल्या माणसांकडे आपला विजय न मानणारा एक जण पाहत होता, एवढे त्यांतून कळते. त्याची मूळ निगेटिव्ह मात्र कित्येक दशके एका जुन्या संग्रहात पडून होती.