रविवारचे परग्रहवासी

काव्यशास्त्राच्या अध्यापकाने ‘बॅड टेस्ट’ नावाच्या चित्रपटावर लिहावे, हेच मुळी एक अनौचित्य आहे. परंतु अनौचित्य हाच त्या चित्रपटाचा प्राण असल्यामुळे, वाचकांनी ते चालवून घ्यावे.

न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांची ही पहिली पूर्ण लांबीची कृती. १९८३ मध्ये लघुपट म्हणून तिचा आरंभ झाला. ती पुरी होऊन १९८८ मध्ये कान येथील बाजारात पोहोचली. मधली बरीचशी वर्षे ते वेलिंग्टनच्या एका वृत्तपत्रात छायाचित्रांचे ब्लॉक करण्याचे काम करीत आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून सोळा मिलिमीटरच्या, किल्ली देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण करीत. परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातील भट्टीत भाजले जात. शासकीय चित्रपट आयोगाचा पैसा आला तो अगदी शेवटी.

कथानक दोन वाक्यांत संपते. कैहोरो नामक कल्पित गावातली माणसे नाहीशी होतात, कारण अंतराळातील एका झटपट-खाद्याच्या व्यवसायाला नव्या चवीचे मांस हवे असते. आणि चार अत्यंत अजागळ वीर त्या आक्रमकांशी झुंजतात. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीतील मंगळवासीयांनाही मानवी रक्त लागे. पण तेथे पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराचे स्मरण आहे, आक्रमणामागे साम्राज्याची दीर्घ छाया आहे. येथे मागे आहे ते केवळ दुकान. माणसे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ठेवलेली आहेत. सत्यजित राय यांच्या १९६२ च्या बंगाली कथेत परग्रहावरचा पाहुणा एका उपहासित शाळामास्तराचा मित्र होतो. ते सौजन्य इथे शोधू नये.

चित्रपटात बीभत्साला सीमा नाही. डेरेक नावाचा वीर कड्यावरून कोसळतो, त्याची कवटी फुटते, आणि निसटू पाहणारा मेंदू तो पुन्हा आत कोंबून लढायला निघतो. एका दृश्यात सर्वांनी एकाच पात्रातून जे प्यायचे असते, त्याचे वर्णन या नियतकालिकाच्या पानांवर न केलेले बरे. भरताच्या मते बीभत्सातून भयानक निर्माण होतो आणि हास्याचे मूळ शृंगारात असते. मग मी हसलो का? उत्तर अभिनवगुप्तापाशी आहे. कोणताही रस अनुचित ठिकाणी प्रवृत्त झाला, की तो हास्याचा विभाव होऊ शकतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. वीराने सोडलेले अग्निबाण घराच्या आरपार जाते आणि पलीकडे चरणाऱ्या एका निरुपद्रवी मेंढीला उडवते. मेंढ्यांच्या देशात याहून नेमके अनौचित्य कोणते?

येथवर शास्त्र साथ देते. पुढे मात्र माझी पंचाईत होते. माझा धाकटा भाऊ एका छापखान्यात जस्ताचे ब्लॉक करीत असे. नायट्रिक आम्लाने त्याची बोटे पिवळी पडलेली असत. रविवारी तो हौशी नाटक मंडळीत. राक्षसांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे. ते आमच्या गच्चीवर वाळत, आणि आईच्या पापडांना जागा उरत नसे. त्याला जाऊन तीन वर्षे झाली. परग्रहवासीयांची ती ओबडधोबड रबरी डोकी पडद्यावर आली, तेव्हा हसता हसता माझा कंठ दाटला. अभिनवगुप्ताने रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ गणला आहे: स्वतःच्या सुखदुःखाने पराधीन झालेल्या प्रेक्षकाला रसास्वाद घडत नाही. हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले आणि आजही ते मला खरे वाटते. म्हणूनच चित्रपट मी पुन्हा पाहिला, हाती कागद घेऊन, भावाला बाजूला बसवून.

दोष पुष्कळ निघाले. मध्यभाग रेंगाळतो, संवाद मागाहून भरलेले असल्याने ओठांशी त्यांचा नेहमीच मेळ बसत नाही, गोळीबाराला अंत नाही. तथापि कड्यावरचा प्रसंग टिकला. डेरेकने एका परग्रहवासीयाला पायांना धरून कड्यावरून उलटे टांगले आहे आणि तो त्याचा छळ करीत आहे. दोन्ही भूमिका जॅक्सन यांच्याच, एक दाढीसह, एक दाढीविना. म्हणजे दोन चित्रणांच्या मध्ये दाढी वाढण्याइतका काळ गेलेला. छळणारा एका ऋतूतला, छळ सोसणारा दुसऱ्या. तो काळ तुकड्यांच्या जोडणीत कोठेही दिसत नाही, आणि प्रसंगाची गती क्षणभरही अडत नाही. हे कौशल्य आहे. त्यासाठी कोणाच्या भावाची आठवण लागत नाही. पुढे ज्यांच्या चित्रपटाने २००४ साली अकरा ऑस्कर मिळवले, त्यांचा हात येथे ओळखू येतो.

मुखवट्यांविषयी मात्र मी अद्याप मत दिलेले नाही. ती डोकी चांगली आहेत की नाहीत, हे ठरवण्याचे काम माझ्या विद्यार्थ्यांवर सोपवले आहे.